ऊन दिले तरी विष उरते

गेल्या आठवड्यात एक आजोबा रुमालात मूठभर ज्वारी बांधून दवाखान्यात आले. दाणे काळपट पडले होते, कुबट वासही येत होता. "डॉक्टर, दोन उन्हं दिली तर चालेल ना? अर्धं पोतं आहे हो!" अन्न टाकू नये, या संस्कारात वाढलेल्या आपल्यापैकी अनेकांच्या मनात हाच प्रश्न असेल.

वाचकहो, उन्हाने दाणा वाळतो, बुरशीची वाढ थांबते. परंतु तिने आधीच निर्माण केलेले विष दाण्यातच राहते. मका, भुईमूग यांवरील बुरशीपासून होणारे अफ्लाटॉक्सिन धुण्याने पूर्णपणे निघत नाही, आणि भाजण्या-शिजवण्याच्या उष्णतेनेही पुरते नष्ट होत नाही. त्याचा मुख्य आघात यकृतावर होतो. थोडेथोडे करून वर्षानुवर्षे पोटात गेल्यास यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो. हिपॅटायटिस बी असलेल्यांना तर तो कितीतरी अधिक.

१९७४ साली राजस्थानातील बांसवाडा व गुजरातमधील पंचमहाल जिल्ह्यांत अवकाळी पावसात भिजलेला मका लोकांनी खाल्ला. कावीळ होऊन, पोटात पाणी साठून शंभराहून अधिक माणसे दगावली. १९९५ साली दख्खनच्या काही खेड्यांत पावसात भिजलेली ज्वारी व मका खाल्ल्याने पोटदुखी व जुलाब झाले. तेथे कारण होते फ्युमोनिसिन हे दुसरे बुरशीजन्य विष.

म्हणून धान्य कडकडीत वाळवून, कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून व ओलसर भिंतीपासून दूर ठेवावे. ओला हात घालू नये. कडुनिंबाचा पाला किडे दूर ठेवतो, ओल नव्हे. वयोमानाने दृष्टी व घ्राणशक्ती मंदावते. तेव्हा दळणापूर्वी धान्य आणि कुटापूर्वी शेंगदाणे घरातील तरुण व्यक्तीने उजेडात निवडावेत. सुरकुतलेले, काळपट, कडवट दाणे काढून टाकावेत. सगळ्याच धान्याला कुबट वास येत असेल, तर निवडत बसू नये. डोळे पिवळे दिसले, पोट फुगले किंवा अन्नावरची वासना गेली, तर विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.

"मग गुरांना घालू का?" आजोबांनी जाता जाता विचारले. तेही नको, मी म्हणालो. दुभत्या जनावराने खाल्लेल्या अफ्लाटॉक्सिनचा काही अंश दुधात उतरतो, आणि ते दूध नातवंडांच्याच पेल्यात येते. असे धान्य टाकणे हा अन्नाचा अपमान नव्हे. घरच्यांची काळजी आहे.