रस्त्यावरचे वाद्य विद्यापीठात गेले, पण वादकाचे काय?



चीनचे नाव निघाले की आपल्याला फाहियान आणि ह्युएनत्संग हे भिक्खू आठवतात. आज त्याच देशातल्या एका वाद्याची माहिती घेऊ. वाद्याचे नाव अर्हू.

दिसायला हे वाद्य अगदी साधे. आपल्या शाहिराच्या तुणतुण्याची आठवण व्हावी असे. खाली लहानसा लाकडी डबा, त्याच्या तोंडावर अजगराचे कातडे, वर लांब दांडी, दोन खुंट्या आणि दोन तारा. सारंगीसारखे ते गजाने वाजवतात. पण गंमत अशी की गजाचे केस दोन तारांच्या मधोमध अडकवलेले असतात. गज वाद्यापासून वेगळा काढताच येत नाही. गज आत ओढला की आतली तार बोलते, बाहेर रेटला की बाहेरची. आतल्या तारेला सा मानले तर बाहेरची तार पंचमात लावतात.

बोटाखाली पट्टी नसते. तार हवेतच दाबायची. त्यामुळे एका सुरावरून दुसऱ्या सुरावर बोट सरकत जाते आणि आवाज माणसाच्या गळ्यासारखा निघतो. कोणी बाई लांबून रडते आहे की गाते आहे, असे वाटावे इतका तो जवळचा. पूर्वी तारा रेशमाच्या होत्या. गेल्या शतकात पोलादी तारा आल्या आणि आवाज अधिक खणखणीत झाला.

आता नावाचा अर्थ पाहा. ‘अर्’ म्हणजे दोन. ‘हू’ हा उत्तरेकडच्या आणि पश्चिमेकडच्या परक्या टोळ्यांसाठी चिनी लोक वापरत असलेला शब्द. तो काही मानाचा नव्हता. म्हणजे वाद्याच्या नावातच परकेपणा चिकटलेला! या कुळातल्या वाद्यांचा उल्लेख सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या सोंग राजवटीपासून सापडतो. उच्चशिक्षित अधिकारीवर्गाचे आवडते वाद्य होते सात तारांचे छिन. दोन तारांचे वाद्य लोकनाट्यात, चहाच्या दुकानांत आणि रस्त्यावर पोट भरणाऱ्यांच्या हातात राहिले. वाद्याची जातही वाजवणाऱ्याच्या जातीवरून ठरते, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

ही स्थिती बदलायला एक शिक्षक पुढे आला. त्याचे नाव ल्यू थिएनह्वा, जन्म १८९५. १९२२ साली तो पेकिंग विद्यापीठात संगीत शिकवू लागला. त्याने अर्हूसाठी १० स्वतंत्र रचना आणि ४७ अभ्यासपाठ तयार केले. व्हायोलिनचा अभ्यास करून त्यातले उपयोगी ते घेतले. भिकाऱ्याचे म्हणून हिणवलेले वाद्य वर्गात आले, परीक्षेत आले. गोरगरिबांचे संगीत टिपून घ्यायला तो बीजिंगच्या थिएनछ्याओ या बाजारभागात जात असे. त्याच कामात त्याला संसर्गजन्य ताप झाला आणि १९३२ साली तो वारला. वय अवघे ३७!

दुसरी गोष्ट आहे वूशी शहरातल्या आबिंगची. खरे नाव ह्वा यानजून, जन्म १८९३. वडील ताओ पंथाचे पुजारी, त्यांच्याकडूनच तो संगीत शिकला. पस्तिशीच्या आसपास त्याची दृष्टी गेली. मग रस्ता हेच त्याचे घर झाले. ताज्या घडामोडींवर गाणी रचायची, चौकात गायची, अर्हू वाजवायचा आणि लोक देतील त्यावर गुजराण करायची.

१९५० साली यांग यिनल्यू आणि त्साओ आनहे हे दोन संगीत-अभ्यासक ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन त्याच्याकडे गेले. तेव्हा त्याने बराच काळ वाद्य हाती धरलेले नव्हते. तरी तो वाजवायला बसला. तीन रचना अर्हूवर आणि तीन फीपा या वाद्यावर, अशा एकूण सहा रचना टिपल्या गेल्या. बाकीच्या पुढच्या खेपेला, असे ठरले. पण त्याच वर्षी डिसेंबरात आबिंग गेला. त्याच्या बोटांत जे उरले होते ते त्याच्याबरोबरच गेले.

त्या सहापैकी एका रचनेला मुद्रणाच्या वेळी नाव दिले गेले. वूशीच्या प्रसिद्ध ‘दुसऱ्या झऱ्या’तल्या चंद्रबिंबावरून ते नाव आहे. आज अर्हू शिकणारा प्रत्येक गंभीर विद्यार्थी ती रचना वाजवतो. जगभरच्या मोठमोठ्या सभागृहांत ती वाजते. वाद्याला मान मिळाला, रचनेला मान मिळाला. ज्याने ती रस्त्यावर घडवली त्याच्या पदरात मात्र जिवंतपणी काही पडले नाही.

वाचकहो, आपल्या वस्तीत असे किती आबिंग आहेत? जलशात गायलेले आजोबा, बाबासाहेबांवरच्या ओव्या तोंडपाठ असलेली आजी, गिरणीची पाळी करून रात्री भीमगीते रचणारे काका. त्यांची वही कुठे आहे? त्यांच्या चाली कुणाला येतात? आज यंत्र घेऊन दुरून कोणी यायची गरज नाही. घराघरात मोबाईल आहे. येत्या रविवारी वंदना झाली की अशा एका ज्येष्ठाला गायला बसवा. आवाज मुद्रित करा, शब्द वहीत उतरवा, गाणे कुणाचे आणि कुठल्या साली रचले ते विचारून लिहा. आणि त्यांच्या हयातीतच चार माणसांसमोर त्यांचा सत्कार करा. ‘पुढच्या खेपेला’ म्हणू नका.

जयभीम!