भीतीचे बिल कोणाच्या नावावर?

३१ जानेवारी २००७ रोजी अमेरिकेतले बोस्टन शहर काही दिव्यांच्या पाट्यांना घाबरले. टर्नर ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या एका कार्टून मालिकेच्या जाहिरातीसाठी या पाट्या पुलांखाली, स्थानकांजवळ लावल्या होत्या. पुढे मधले बोट दाखवणारे चित्रपात्र, मागे बॅटरी आणि चार वायरी. एवढ्यावरून बॉम्बशोधक पथके धावली, रस्ते आणि पूल बंद झाले, चार्ल्स नदीतली वाहतूकही थांबली. याच पाट्या न्यूयॉर्क, शिकागो अशा आणखी नऊ शहरांत दोन-तीन आठवडे लटकत होत्या. तिथे असा हाहाकार माजला नाही!

२००१ साली न्यूयॉर्कच्या मनोऱ्यांवर आदळलेली दोन्ही विमाने बोस्टनहूनच उडाली होती. त्यामुळे वायरी दिसताच पोलीस धावले, यात आम्हाला वावगे वाटत नाही. संशय आला तर तपासलेच पाहिजे. आमचा आक्षेप त्यानंतरच्या कारभारावर आहे. वस्तू निरुपद्रवी आहे हे कळल्यावरही पाट्या लावणाऱ्या दोन तरुणांना अटक झाली. आरोप काय, तर लोकांना घाबरवण्यासाठी बनावट स्फोटक ठेवले. जाहिरात करणाऱ्याला आपला माल लोकांनी ओळखावा असे वाटते, त्याला बॉम्ब समजून पळावे असे नाही, हे शेंबड्या पोरालाही कळेल. पण घाबरले सरकार आणि आरोपी ठरला पाटी लावणारा. चूक कबूल करण्यापेक्षा गुन्हेगार शोधणे सत्तेला नेहमीच सोपे जाते.

शेवटी कंपनीने २० लाख डॉलर भरले, वाहिनीच्या प्रमुखाने राजीनामा दिला. तरुणांनी समाजसेवा केली, माफी मागितली आणि मे महिन्यात आरोप मागे घेतले गेले. चार महिन्यांत प्रकरण मिटले, कारण बिल भरायला पाठीशी कंपनी होती.

ज्यांच्या पाठीशी कोणी नाही त्यांचे काय होते, हे आमच्या वस्त्यांना विचारावे. अटकेचे कारण सांगा, वकिलाला भेटू द्या, २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करा, ही संरक्षणे बाबासाहेबांनी सप्टेंबर १९४९ मध्ये संविधान सभेत मांडली. आज ती कलम २२ मध्ये आहेत. फाळणीच्या जखमा तेव्हा ओल्या होत्या, देश भेदरलेला होता. भेदरलेल्या राज्याच्या हातात माणूस मोकळा सोडायचा नाही, एवढी दूरदृष्टी त्या माणसाकडे होती.

पण गोळी २४ तास थांबत नाही. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला, १० जीव गेले. कारण पुढे केले ते स्फोटाचेच : जमाव म्हणे गॅसचे टँकर पेटवणार होता! न्या. गुंडेवार आयोगाने हा गोळीबार असमर्थनीय ठरवला. तरी गोळीबाराचा आदेश देणाऱ्या उपनिरीक्षकाला सत्र न्यायालयाने शिक्षा सुनावायला मे २००९ उजाडावा लागला. जन्मठेपेची शिक्षा झाली, पण उच्च न्यायालयातून जामीन मिळायला फार दिवस लागले नाहीत. घाबरल्याचे कारण सांगणारा बाहेर आला. ज्यांना गोळ्या लागल्या त्यांच्या घरच्यांनी मात्र निकालासाठी जवळजवळ १२ वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या.