कोंडवाडा उघडा, बिल्ला वाचा!



ज्वारी निसवली की आपली झोप उडते. रानडुकरांसाठी जागल आहेच, त्यात आता मोकाट गुरांचा कळप. एका रात्रीत कपाशीचा पट्टा साफ. सकाळी आपण काठ्या घेऊन कळप पुढच्या शिवारात हाकलतो. रात्री ते गाव तो परत आपल्याकडे हाकलते. शेतकरीच शेतकऱ्याच्या अंगावर जातो.

या कळपात काही जनावरे चुकलेली असतात. त्यांचा धनी गावोगाव विचारत फिरत असतो. बाकीची सोडून दिलेली. दोघांचीही सोय एकेकाळी होती. इंग्रज काही आपला सोयरा नव्हता. तरी त्याच्या १८७१ च्या कायद्यात लिहिले होते : कोंडवाड्यातल्या जनावराची नोंद ठेवा. ७ दिवसांत धनी आला नाही तर पोलीस ठाण्याला कळवा. ठाण्याने नोटीस लावावी, जवळच्या गावात आणि बाजारात दवंडी पिटावी. आणखी ७ दिवसांनी जाहीर लिलाव. त्यात कोंडवाडा राखणाऱ्याने स्वतः जनावर घ्यायचे नाही. दंड आणि खुराकी वजा जाता उरलेले पैसे धन्याचे. म्हणजे चुकलेले घरी जाई, बेवारस नव्या दावणीला लागे.

आज दवंडीहून सोपे साधन जनावराच्या कानातच आहे. बिल्ल्यावर १२ आकडी नंबर, नंबरामागे मालकाचे नाव. १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री नाही, असा सरकारचा हुकूम निघाला. विकताना बिल्ला दाखवा! मग चुकलेल्या बैलाचा तोच नंबर वाचून धन्याला निरोप का जात नाही?

आणि जनावर सोडायची पाळी आणली कोणी? गायीची कत्तल १९७६ च्या कायद्याने बंद होतीच; मार्च २०१५ पासून बैलाचीही बंद झाली. म्हाताऱ्या बैलाची किंमत गेली, खाणे राहिले. ३०० किलोच्या बैलाला दिवसाला ६-७ किलो कोरडी वैरण लागते. कोरडवाहू शेतकऱ्याने ती कुठून आणायची? सप्टेंबर २०२४ मध्ये देशी गाय राज्यमाता झाली, गोशाळेतल्या देशी गायीला दिवसाला ५० रुपये जाहीर झाले. आमच्या दावणीच्या म्हाताऱ्या बैलाला मात्र छदाम नाही. पुण्य त्यांचे, कडबा आमचा!

पण एक कडू गोष्ट आपणही ऐकू. बिल्ला कापून रात्री शेजारच्या शिवेवर जनावर सोडणारा आपलाच भाऊ असतो. त्याची लाचारी आम्ही जाणतो. तरी सरकारशी भांडायचे सोडून शेजाऱ्याची ज्वारी बुडवणे, हे आंदोलन नव्हे.

म्हणून आमच्या मागण्या :
१. कोंडवाडे उघडा, वैरणीचा खर्च सरकारने द्यावा.
२. आलेल्या प्रत्येक जनावराचा बिल्ला त्याच दिवशी वाचून धन्याला कळवा.
३. बेवारस जनावर आधी गरजू शेतकऱ्याला द्या.
४. गोशाळेला जे अनुदान, तेच दावणीला. नाहीतर म्हातारे जनावर सरकारने रास्त भावाने विकत घ्यावे.

जिल्हा बैठकीला येताना आपल्या गावच्या कोंडवाड्याची हकीकत आणि गेल्या हंगामातले नुकसान लिहून आणा. कागद हातात घेऊनच तहसीलवर जाऊ.