सत्तावीस की वीस सात?

परवा भाजी घेताना माझी चक्क विकेट पडली. मावशींनी हिशेब केला, ‘एकोणसत्तर झाले, ताई.’ मी स्टाइलमध्ये फोन काढला, कोड स्कॅन केला आणि ठोकले ७९! ‘अहो, दहा जास्त आले,’ असं म्हणत मावशींनी हसत हसत दहाची कोथिंबीर पिशवीत टाकली. तुम्ही हसू नका. ‘एकोणसाठ’ ऐकल्यावर मनात ‘फिफ्टी नाइन’चं सबटायटल लावणारे तुमच्यात किती जण आहेत? प्रामाणिकपणे हात वर करा!

नेमकं दोनच दिवसांनी एका लेखाच्या निमित्ताने पुण्यातल्या एका महापालिका शाळेत, दुसरीच्या वर्गात जाऊन बसले. ३१ मुलं, एक बाई, ४० मिनिटांचा तास. विषय, दोन अंकी संख्या.

‘लिहा, सत्तावीस,’ बाई म्हणाल्या. सात-आठ पाट्यांवर उमटलं ७२! मला वाटलं, आता आवाज चढणार. पण बाईंनी एकाची पाटी हातात घेतली. ‘ऐकलंस तसंच लिहिलंस की रे! आधी सात ऐकू आले, मग वीस. कान पक्के आहेत तुझे.’

बॉस, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. आपण बोलताना एकक आधी सांगतो आणि लिहिताना दशक आधी लिहितो. गोंधळ मुलाचा नाहीच, आकड्याच्या नावातच आहे.

मग वर्गाचे गट झाले. खिडकीजवळ आइस्क्रीमच्या काड्या, दहा-दहाचे दोन गठ्ठे आणि सुट्या सात. आकडे उलटेपालटे होणारी एक मुलगी ताटलीतल्या रव्यावर बोटाने २७ गिरवत होती. एका जागी अजिबात बसवत नाही अशा एका पठ्ठ्यासाठी फरशीवर खडूची रेघ होती, दोन लांब उड्या आणि सात छोट्या. घामाघूम झाला, पण बरोबर २७ वर थांबला!

बांधकामाच्या साइटवरून येणारी एक चिमुरडी घरी कन्नड बोलते. ‘तुझ्याकडे कसं म्हणतात गं?’ बाईंनी विचारलं. ती पुटपुटली, ‘इप्पत्तेळु.’ म्हणजे आधी वीस, मग सात. लिहितात तसंच! पुढची पाच मिनिटं आख्खा वर्ग तिच्याकडून कन्नड आकडे शिकत होता.

आणि ज्यांना सगळं आधीच येतं ते? त्या दोघांना बाईंनी कोडं घातलं होतं, नऊवर संपणाऱ्या दोन अंकी संख्यांच्या नावांत गंमत काय? उत्तर आलं, एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत सगळे ‘एकोण’, म्हणजे पुढच्या दशकाला एक कमी. फुटीर एकटा नव्व्याण्णव! मला माझी कोथिंबीर आठवली.

आणखीही काहीतरी आठवलं. शाळेत माझ्या शेजारी बसणारा एक मुलगा असेच आकडे उलटे लिहायचा. त्याला फळ्यापाशी उभं करायचे आणि आम्ही सगळे हसायचो. मीसुद्धा, जरा जास्तच. पाचवीनंतर तो शाळेत दिसला नाही. कारणं बरीच असतील. पण ‘तू असं का लिहिलंस?’ हे त्याला कुणी एकदाही विचारलं नव्हतं.

बरं, मोठी होऊन तरी मी सुधारले होते का? २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावीस’च्या जोडीला ‘वीस सात’ आलं, तेव्हाचा गदारोळ आठवतोय? जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांमुळे मुलं अडखळतात, जुनी नावंही राहणारच आहेत, असं मंगला नारळीकर समजावून सांगत होत्या. आणि मी ‘वीस सात’चे जोक फॉरवर्ड करत होते!

तास संपल्यावर बाईंना विचारलं, ‘एवढे प्रकार रोज कसे जमतात?’ ‘रोज नाही जमत,’ त्या सरळ म्हणाल्या. ‘आजही दोघांना नाही समजलं. उद्या परत काड्या.’ वहीत तशी नोंदही केली. मग म्हणाल्या, ‘एकाच मापाची चप्पल ३१ जणांना घालून सहलीला न्याल का तुम्ही?’

२००९ चा शिक्षण हक्क कायदा प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक म्हणतो. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात अध्ययन अक्षमताही मोजली आहे. छानच. पण कायदा काही ताटलीत रवा पसरत नाही. काड्यांचे गठ्ठे बाई रविवारी घरी बसून बांधतात.

आपल्याला ऑफिसला जायची वेळ फ्लेक्सिबल हवी, कॉफीत साखर अर्धा चमचा हवी. मग सात वर्षांच्या पोराला एकच पद्धत का? घरातल्या भाच्याने उद्या ७२ लिहिलं तर लगेच खोडू नका. आधी विचारा, ‘तुला कसं ऐकू आलं?’

काल पुन्हा मावशींकडे गेले. ‘एकोणऐंशी,’ त्या म्हणाल्या. मी फोन हातात घेऊन क्षणभर थांबले, तर लगेच पुढे म्हणाल्या, ‘सत्तर नऊ हो, ताई.’

त्यांनी कुठलं डीएड केलंय कोण जाणे!