रेंगाळणारा ढग

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र. विजांच्या कडकडाटात कात्रजच्या बाजूला पाऊस कोसळला आणि एरवी कुणी ढुंकूनही पाहत नाही तो आंबील ओढा सहकारनगर, दांडेकर पूल भागातल्या घरांत शिरला. भिंती पडल्या, गाड्या काड्यांसारख्या वाहिल्या. त्याच रात्री खेड-शिवापूरजवळ दर्ग्यात झोपलेले पाच जण पाण्याबरोबर गेले. दर्ग्यात मुक्काम करणे आपल्या घरांना नवे नाही. म्हणून ही बातमी आम्हाला अजून सलते.

अशा वेळी लोक विचारतात, हवामान खात्याला कळले कसे नाही? आम्हीही विचारत असू. पण शाळेत हा विषय शिकवायची वेळ आली तेव्हा उत्तर जरा वेगळे निघाले.

गणित साधे आहे. तासाला ६० मिलिमीटर ओतणारा ढग २० मिनिटांत पुढे गेला, तर पाऊस २० मिलिमीटर. तोच ३ तास ठाण मांडून बसला, तर १८०. ढग तोच, पाऊस नऊपट! एका चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १० कोटी लिटर पाणी. डोंगर उताराचा आणि खाली सगळे सिमेंट, मग ते मुरणार कुठे?

ढगाला पुढे ढकलतात ते उंचावरचे वारे. ते मंद पडले की ढग हलत नाही. कधी ढग सरकतो, पण त्याच्या मागे त्याच जागी नवा तयार होतो. एकाच रुळावरून डब्यामागून डबा जावा तसे. शेजारी डोंगर असला तर दमट हवा उताराने वर चढत राहते आणि ढगाला खुराक मिळत राहतो.

हवेतला ओलावा, वरचे वारे आणि आधीच भिजलेली जमीन पाहून तज्ज्ञ आदल्या दिवशी ‘या भागात धोका आहे’ एवढे सांगू शकतात. २०२० पासून आपले हवामान खाते अचानक येणाऱ्या पुराचा धोका २४ तास आधी आणि इशारा ६ तास आधी देते. पण ढग नेमका कोणत्या ओढ्यावर बसणार, हे तो तयार होऊन रडारवर दिसल्यावरच कळते. तेव्हा हातात दोन-तीन तास उरतात, कधी तेवढेही नाहीत.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात बिग थॉम्प्सन नावाची अरुंद दरी आहे. ३१ जुलै १९७६ च्या संध्याकाळी, सुट्टीच्या गर्दीत, दरीच्या वरच्या भागावर असाच एक ढग अडकला. चारेक तासांत सुमारे ३०० मिलिमीटर पाऊस. खालच्या बाजूला तर फारसा पाऊसही नव्हता, आणि पाण्याची भिंतच आली. १४४ माणसे गेली. गाडीने पळू पाहणारे अनेक जण रस्त्यातच सापडले; बाजूच्या उतारावर चढलेले वाचले. आज तिथे रस्त्याकडेला पाट्या आहेत: पूर आला तर वर चढा. गाडीचा मोह आपल्यालाही सुटत नाही. पण जोराच्या प्रवाहात दोन फूट पाणी बहुतेक गाड्या उचलून नेते.

पाऊस अति झाला तेव्हा, तो आमच्यावर नको, सभोवती पडो, अशी दुआ हुजूर (स.) यांनी मागितल्याचे हदीसमध्ये येते. आम्हीही ती मागतो. आणि उर्साला किंवा सहलीला मुक्काम करायचा असला तर आधी पाहतो, की जागेच्या वरच्या अंगाला काय आहे, ओढा किती जवळ आहे, अंधारात वर चढायची वाट कोणती. डोंगरात विजा एकाच जागी लवत राहिल्या तर इथे चांदणे असले तरी बिस्तरे ओढ्याकाठी पसरू देत नाही.

मागच्या वर्षी अशाच एका रात्री आम्ही इशाच्या नमाजनंतर सगळ्यांना उठवून वरच्या पडवीत नेले. खालाजान चिडल्या, “थेंब पडत नाही आणि बिस्तरे उचलायला लावतोस!” ओढा सकाळपर्यंत होता तसाच कोरडा. मोबाईलवरचा इशारा त्या रात्री तरी फुकट गेला. भाचे कंपनी अजून आम्हाला ‘हवामान खाते’ म्हणून हाक मारते. म्हणू दे. यंदाही बिस्तरे वरच पडणार आहेत.