मिस्त्रीची परीक्षा घ्या, हात बांधू नका

हुमनाबाद म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना शेजारचं माणिकनगर आठवतं. माणिकप्रभूंची समाधी, त्यांची मराठी, कानडी आणि हिंदी पदं. पण ट्रकवाल्याला विचाराल तर त्याचं हुमनाबाद वेगळं. पुणे-हैदराबाद हमरस्ता, म्हणजे पूर्वीचा नऊ नंबर आणि आताचा ६५, इथूनच जातो. नांदेड-बिदरकडून कलबुर्गीकडे उतरणारा ५० नंबरचा रस्ता त्याला इथेच भेटतो. अशा नाक्यावर गॅरेज नसेल तर नवल. आणि आजचा जवळजवळ प्रत्येक ट्रक टर्बोचा असल्यामुळे टर्बो हा शब्द तिथल्या मिस्त्रीला नवा नाही. टर्बो उतरवून त्याचा दांडा बोटाने हलवून पाहायचा, किती खेळतो ते जोखायचं, ऑइल कुठून गळतंय ते हुंगायचं, हे त्याचं रोजचं काम. डिग्री नसेल, विद्या आहे.

आता समजा, या मिस्त्रीच्या पुतण्याने घराच्या अंगणात एखाद्या जुन्या स्पोर्ट्स कारला बाहेरून आणलेलं टर्बो किट बसवलं. काकाने जे हातात दिलं तेच त्याने वापरलं. मग ती गाडी त्याने रस्त्यावर आणली. आपल्या कायद्याच्या लेखी तो गुन्हेगार! काम उत्तम झालं की भिकार, हे विचारायची कायद्याला गरजच वाटत नाही. माझं भांडण आहे ते इथे.

गैरसमज नको. टर्बो म्हणजे खेळणं नव्हे. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियरने १९०५ साली पेटंट घेतलं ती कल्पना सोपी आहे. इंजिनाचा जो गरम धूर वाया जातो त्याच्यावर एक चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने इंजिनात जास्त हवा कोंबायची. समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण १ बार असतो. त्यावर ०.४ बार चढवला की सिलिंडरात ४० टक्क्यांच्या आसपास जास्त हवा जाते. हवा तापते म्हणून प्रत्यक्षात फायदा थोडा कमी. हुमनाबाद सहाशे मीटरहून उंचावर आहे, तिथली हवा मुळातच पाच-सात टक्के विरळ. म्हणजे मडगावात जी गाडी ६० घोड्यांची, ती तिथे ५६-५७ची. टर्बो हे भरून काढतो आणि वर देतो.

साठ घोड्यांचा आकडा मुद्दाम घेतला. आपल्या गोव्यात, वेर्ण्याला, एक स्पोर्ट्स कार बनत असे हे आजच्या किती मुलांना ठाऊक आहे? सॅन स्टॉर्म. १९९८ साली आली. दोन माणसांची, उघड्या टपाची, फायबरच्या अंगाची. इंजिन रेनॉचं, १.२ लिटरचं, साधारण ६० घोड्यांचं. रूप स्पोर्ट्स कारचं, ताकद घरगुती गाडीची. अशी गाडी ज्याच्या दारात असेल त्याच्या मनात टर्बो येणारच. तो विचार येण्यात पाप काय?

पाप आहे ते अर्धवट कामात. त्या साठाचे ऐंशी करायचे तर किती गोष्टी सांभाळाव्या लागतात बघा. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तरंगतो तो निव्वळ ऑइलच्या थरावर. ऑइल आणणारी नळी बारीक चालेल, परतीची नळी जाड हवी आणि उताराची हवी, नाहीतर सील फुटून निळा धूर सुटतो. हवा वाढली की पेट्रोल वाढलं पाहिजे, म्हणजे मोठे इंजेक्टर आणि कॉम्प्युटरचं नवं गणित. ठिणगी पडण्याची वेळ मागे घ्यायला हवी. ती घेतली नाही तर मिश्रण भलत्या वेळी पेटतं, इंजिन आतून खडखडतं आणि पिस्टनची कडा तुटते. हवा थंड करायला इंटरकूलर हवा. धूर आठ-नऊशे अंशांनी तापलेला असतो, म्हणून फायबरच्या बॉनेटखाली उष्णतेचा पडदा नसेल तर गाडीच पेटायची. आणि इतकं सगळं करून ब्रेक जुनेच ठेवले, तर काय साधलं? गाडी पळवायची शिकवलीत, थांबायची शिकवली नाहीत.

म्हणून शनिवारी किट मागवून पुढच्या शनिवारी म्हापशाच्या रस्त्यावर शर्यत लावणाऱ्या पात्रांवांची बाजू मी घेत नाही. सायलेन्सर फोडून रात्री दोनला अख्खा वाडा जागा करणाऱ्यांची तर नाहीच नाही. त्यांना दंड करा, दुप्पट करा. पण फोडलेला सायलेन्सर आणि सहा महिने खपून नीट बसवलेला टर्बो या दोन गोष्टी एकाच टोपलीत टाकू नका, एवढंच म्हणणं आहे.

कायदा नेमकं तेच करतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने जे ठरवलं त्यापेक्षा वेगळं काही नोंदणीच्या कागदावर येईल असा बदल मालकाने करायचा नाही. केरळमधल्या एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ला सर्वोच्च न्यायालयाने हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ नव्या रूपात आलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कायदा केंद्राचा, त्यामुळे हुमनाबादहून तासाभरात जहिराबादला पोचलात काय किंवा उमरग्याला, तीन राज्यांत पळवाट नाही.

मग होतं काय? काम थांबतं असं वाटतं तुम्हाला? काम रात्री होतं. जाणता माणूस घाबरून हात मागे घेतो, आणि ज्याला गमावण्यासारखं काही नाही तो पुढे येतो. कुणी तपासत नाही, कारण तपासायला न्यायची तर गुन्हा कबूल करावा लागतो. पी.यू.सी.वाला उभ्या गाडीचा धूर मोजून कागद हातात देतो. टर्बो दाब कधी देतो? गाडी जोरात ओढायला लागते तेव्हा. अपघात झाला की विमा कंपनी हात वर करायला मोकळी, आणि ज्याला धडक बसली तो बिचारा कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो. बंदीने सुरक्षितता आली असती तर मी हा लेख लिहिलाच नसता. बंदीने फक्त अंधार आला.

गंमत अशी की वाट याच कायद्यात आहे! त्याच कलम ५२ने सी.एन.जी., एल.पी.जी. आणि बॅटरीच्या किटला मुभा दिलेली आहे. किट मान्यताप्राप्त हवं, बसवणारा अधिकृत हवा, आर.टी.ओ.त नोंद हवी, सी.एन.जी.ची टाकी दर तीन वर्षांनी दाबाखाली तपासून घ्यायला हवी. दोनशे बार दाबाच्या वायूची टाकी डिकीत ठेवायला आपण परवानगी देतो, अर्ध्या बारच्या हवेला मात्र नाही! हे शास्त्र नाही. ही सोय आहे. सी.एन.जी. सरकारला हवी होती म्हणून नियम घडले. मिस्त्री कुणाला हवा आहे?

कुणी म्हणेल, भारतात हे जमायचं नाही. का नाही? पुण्याला ए.आर.ए.आय. १९६६पासून गाड्या तपासते आहे. जर्मनीत बघा. तिथेही विनापरवाना बदल केलात तर गाडीची रस्त्यावरची मान्यता जाते, नियम कडकच आहे. पण तिथे तपासणीला जायला दार आहे. इंजिनियर ब्रेक बघतो, धूर बघतो, आवाज मोजतो, पटलं तर कागदावर चढवतो आणि नाही पटलं तर परत पाठवतो. या तपासणी संस्थांचं मूळही सांगण्यासारखं आहे. १८६५ साली मानहाइमच्या एका बिअरच्या कारखान्यात बॉयलर फुटला. लोकांनी बॉयलर बंद केले नाहीत, पुढच्या वर्षी बॉयलर तपासणारी संस्था काढली. शहाणपण याला म्हणतात.

आपण काय करतो? २०२१च्या अखेरीस सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका लोहारकाम करणाऱ्या गृहस्थाने भंगारातून चार चाकांची गाडी बनवली, किक मारून सुरू होणारी. खर्च साठ हजारांच्या आसपास. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं आणि त्याच दमात म्हटलं की नियमात बसत नसल्यामुळे अधिकारी आज ना उद्या ही गाडी अडवणार. बदल्यात त्यांनी नवी बोलेरो दिली. महिंद्रांचा मोठेपणा खराच. पण त्या गृहस्थाला एका उद्योगपतीची नजर मिळाली. बाकीच्यांनी कुणाच्या ट्वीटची वाट पाहायची? जिथे उत्तर व्यवस्थेने द्यायचं तिथे बक्षीस पुढे येतं, आणि आपण टाळ्या वाजवून मोकळे होतो.

आपल्याकडचा उद्योग अंगणातूनच उभा राहिला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान घातलं, त्यातून पुढे लोखंडी नांगर आला. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला. आणि आपल्या गोव्याचं काय? मुक्तीपूर्वी आलेल्या परदेशी मोटारी १९६१ नंतर सुट्या भागांवाचून पडून राहायच्या होत्या. त्या पुढे कित्येक वर्षं धावल्या त्या कंपनीच्या कृपेने नव्हे. मडगाव-फोंड्याच्या मिस्त्रींनी लेथवर भाग कातून, दुसऱ्याच गाडीचा तुकडा बसवून त्या चालवल्या. कंपनीने ठरवल्यापेक्षा वेगळं काही करायचं नाही हा नियम तेव्हा कुणी दाखवला असता, तर लग्नाला वऱ्हाड पायी गेलं असतं.

म्हणून मागणी साधी आहे. तालुक्याला नको, निदान जिल्ह्याला एक तपासणीची जागा द्या. टर्बो बसवलेली गाडी तिथे आणू दे, ब्रेक, धूर, आवाज, आगीचा धोका सगळं तपासा, फी दणकून घ्या. नापास झाली तर उचलून ठेवा. पास झाली तर नोंद करा आणि बसवणाऱ्याचं नाव त्या नोंदीत घाला. नाव लागलं की हात आपोआप जपून चालतो. मग जो तपासणीला येणार नाही त्याला खुशाल सहा महिने आत टाका. तोपर्यंत त्या कलमाचा धाक फक्त हुमनाबादच्या जाणत्या मिस्त्रीलाच आहे, आणि सायलेन्सर फोडणारा रात्री दोनला तुमच्या खिडकीखालून जातोच आहे.