रिफंडचे पेढे

वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी माझ्या नावापुढे 'संचालक' ही पदवी लागली. त्यापूर्वी चौतीस वर्षे मी शुक्रवार पेठेत एका आयकर वकिलांच्या कचेरीत कारकुनी केली. संचालकपद राहो बाजूला, तिथे मला 'अहो' म्हणणारा माणूस एकच, आणि तोही शिपाई.

हे पद मला मिळाले ते भाऊबीजेच्या पाटावर. २०२३ सालची गोष्ट. बहिणीने ओवाळले, मी तबकात पाकीट टाकले, आणि निरांजन अजून तेवते आहे तोच भाचेबुवांनी विषय काढला. हे आमचे भाचेबुवा हिंजवडीला एका मोठ्या कंपनीत नऊ वर्षे नोकरीला होते. ती नोकरी त्यांनी दसऱ्यालाच सोडली होती आणि ही बातमी घरात फोडण्यासाठी ते माझी वाट पाहत होते. मामा समोर असला की आई फार बोलत नाही, हा त्यांचा लहानपणापासूनचा अनुभव.

"मामा, मी स्टार्टअप काढतोय."

"कसला?"

"टॅक्सचा."

"टॅक्स सरकार लावते. तू काय लावणार?"

"तसं नाही हो. रिटर्न भरायला लोकांना चांगला माणूस सापडत नाही, आणि चांगल्या माणसाला लोक सापडत नाहीत. आपण दोघांची गाठ घालून द्यायची. ऑनलाइन."

"म्हणजे वधूवर सूचक मंडळ."

"तसंच समजा," भाचेबुवा म्हणाले, "फक्त इथे दरवर्षी नवं लग्न."

मी हसलो खरा, पण कल्पना मला पटली. का पटली ते सांगतो. आमच्या कचेरीत जुलै महिना म्हणजे आषाढी वारी असे. पिशवीत कागद कोंबून माणसे येत. बँकेची पासबुके, विम्याच्या पावत्या, सोळा नंबरचा फॉर्म, आणि एखाद्याच्या पिशवीत तर मुलीची जन्मपत्रिकासुद्धा! त्यांच्या तोंडावर मी जी भीती पाहिली आहे ती दातांच्या डॉक्टरकडेही पाहिली नाही. ज्याने आयुष्यात कुणाचा रुपया बुडवला नाही असा मास्तर 'नोटीस तर येणार नाही ना?' म्हणून तीनतीनदा विचारी. पुढे सगळे संगणकावर गेले, कचेरीतली खिडकी गेली, पिशवी गेली. भीती मात्र तशीच राहिली, उलट आता ती बोलून दाखवायला समोर माणूस उरला नाही. तो माणूस भाचेबुवा पुरवणार होते. ग्राहकाने आपले गाव, उत्पन्नाचा प्रकार आणि कोणत्या भाषेत बोलायचे ते सांगायचे. लगेच त्याच्यापुढे चारपाच करसल्लागारांची नावे, त्यांची फी आणि जुन्या ग्राहकांनी दिलेले तारे यायचे. एक निवडला की काम सुरू.

प्रायव्हेट कंपनीला निदान दोन संचालक लागतात. एक भाचेबुवा, दुसरा मी. आणि दुसऱ्या संचालकाने नुसते नाव देऊन भागत नाही, हे मला चहाच्या वेळी कळले. त्या वर्षीची ओवाळणी मला पाच लाखांना पडली. सौ.नी ठेवीची पावती कपाटातून काढून दिली आणि एवढेच म्हणाल्या, "या पावतीवर स्वयंपाकघराचा ओटा व्हायचा होता." तो ओटा पुढे वर्षभर रोज पानात पडत असे.

पहिली ठेच लागली ती सी.ए. मंडळींच्या दारात. भाचेबुवांचा हिशेब सोपा होता. गिऱ्हाईक आपण आणून द्यायचे आणि फीमधले वीस टक्के आपण घ्यायचे. माझ्या ओळखीचे एक जुने सी.ए. आहेत. त्यांच्याकडे आम्ही दोघे गेलो. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले, उठून कपाटातून १९४९ चा चार्टर्ड अकौंटंट्स कायदा काढला आणि पहिले परिशिष्ट उघडून भाचेबुवांच्या पुढ्यात ठेवले. सी.ए.ने आपल्या फीमधला वाटा किंवा दलाली बाहेरच्या माणसाला दिली तर ते गैरवर्तन. जाहिरात करून किंवा दुसऱ्याकरवी गिऱ्हाईक मागितले तर तेही गैरवर्तन. भाचेबुवांनी मोबाइलवर आपली सुंदर यादी दाखवली, तिच्यात पुढे नळदुरुस्ती आणि सुतारकामही घालायचा बेत होता. ते पाहून तर म्हाताऱ्याने चष्माच काढला. "अशा यादीत आम्हाला नाव घालता येत नाही," ते म्हणाले. "संस्थेने तसं स्पष्ट कळवलंय. घातलं तर चौकशी. तुझा नळवाला सुटेल, मी अडकेन."

परतताना रिक्षात भाचेबुवा गप्प होते. मग एकदम म्हणाले, "मामा, साधं पगाराचं रिटर्न भरून द्यायला सी.ए.च कशाला लागतो?"

हे खरे होते, आणि इथेच आमची गाडी उताराला लागली. हिशेबतपासणीवर सही करायला सी.ए. लागतो, पण दुसऱ्याचा साधा फॉर्म भरून देणाऱ्याला आपल्याकडे कोणतीही परीक्षा द्यावी लागत नाही. ज्याला संगणक चालवता येतो तो करसल्लागार. २००६ साली सरकारने पदवीधरांना शिकवून रिटर्न भरणारे तयार करण्याची एक योजना काढली होती, पण बाकीच्यांना मज्जाव असा काही झाला नाही. तेव्हा आम्ही सी.ए. सोडले आणि करसल्लागार धरले. २०२४ च्या मे महिन्यात दुकान उघडले. सत्यनारायण झाला. संगणकाला हळदकुंकू लावायला बहिणीने पुढे केलेला हात भाचेबुवांनी वरच्या वर धरला.

जून सरता सरता आमच्या यादीत एक गृहस्थ सर्वांच्या वर जाऊन बसले. गाव सांगत नाही. त्यांना प्रत्येक गिऱ्हाइकाने पाच तारे दिलेले. फी ठरलेली नाही. रिफंड आला तर त्याचे वीस टक्के, नाही आला तर काही नाही. लोक खूष. भाचेबुवा खूष. मीही खूष, कारण संचालक या नात्याने रोज संध्याकाळी मला आकडे दाखवले जात, आणि आकडे वाढत होते. चौतीस वर्षे ज्याने हीच कामे केली त्याच्या मनात एवढे येऊ नये, की रिफंड म्हणजे काही करसल्लागाराची कर्तबगारी नव्हे? जास्त कापलेला कर परत मिळतो तो रिफंड. कर बरोबर कापला असेल तर ब्रह्मदेवाच्या बापालाही तो काढता येत नाही. पण आकडे वाढत असले की माणसाला प्रश्न सुचत नाहीत.

आमच्या खालच्या मजल्यावर एक शिक्षिका राहतात. यजमान जाऊन सहा वर्षे झाली. सगळी सोसायटी त्यांना बाई म्हणते. त्यांना आमचे दुकान मीच सुचवले होते, आणि हे पंचतारांकित गृहस्थही मीच. २४ जुलैला संध्याकाळी बाई पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या.

(२४ जुलै हा आयकर दिवस आहे हे वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. १८६० साली त्या तारखेला हिंदुस्थानात हा कर आला. आणणारे जेम्स विल्सनसाहेब. लंडनचे 'इकॉनॉमिस्ट' पत्र काढणारे तेच. कर आणला आणि पुरते तीन आठवडेही गेले नाहीत तोच ११ ऑगस्टला ते कलकत्त्यात हगवणीने वारले. करदात्यांच्या तळतळाटावर माझा विश्वास नाही. तारखा तेवढ्या सांगितल्या.)

"काका, एकेचाळीस हजार सहाशे रुपये आले," बाई म्हणाल्या. "शाळेने कापलेला सगळाच्या सगळा कर परत आला. तुमच्यामुळे."

पेढा तोंडात होता. तो तिथेच थांबला. बाईंचा पगार वर्षाला नऊ लाख. नव्या पद्धतीने पन्नास हजारांची वजावट जाऊन साडेआठ लाखांवर त्या वर्षीचा कर होतो चाळीस हजार, आणि उपकर धरून बरोबर एकेचाळीस हजार सहाशे. म्हणजे शाळेने रुपयाही जास्त कापलेला नव्हता. मग परत आले ते कशाचे?

"बाई, रिटर्नची प्रत आहे?"

प्रत नव्हती. पासवर्ड त्या गृहस्थांकडे. फोनवर आलेला ओ.टी.पी. बाईंनी त्यांना वाचून दाखवला होता, आणि पहिल्या खेपेला तर दोनदा ओ.टी.पी. आला होता म्हणे. भाचेबुवांना बोलावून घेतले. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर बाईंचे खाते उघडायला तास गेला. उघडल्यावर दिसले, की तिथे बाईंचा म्हणून जो ई-मेल होता तो बाईंनी जन्मात ऐकलेला नव्हता. उद्या खात्याने पत्र पाठवले असते तर ते कुणाच्या तरी बंद पेटीत जाऊन पडले असते. रिटर्न जुन्या पद्धतीने भरलेले. भविष्यनिर्वाह निधी आणि विमा यांचे दीड लाख खरे होते. त्याखाली घरभाड्याची सूट एक लाख. बाई स्वतःच्या घरात राहतात. त्याखाली राजकीय पक्षाला देणगी एक लाख. असे केले की उत्पन्न पाच लाखांच्या आत येते आणि कर शून्य होतो.

"देणगी?" बाई म्हणाल्या. "अहो काका, गणपतीच्या वर्गणीसाठी मी पोरांशी घासाघीस करते. मी पक्षाला लाख रुपये देईन?" मग त्या एकदम गप्प झाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "यात सही माझीच ना?"

मी हो म्हणालो. दुसरे काय म्हणणार? रिटर्न ज्याचे, त्यातल्या मजकुराची जबाबदारी त्याची. ज्याने भरले तो वीस टक्के, म्हणजे आठ हजार तीनशे वीस रुपये घेऊन मोकळा झाला होता.

बाईंचे निस्तरणे अवघड नव्हते. ३१ जुलै यायची होती. सुधारित रिटर्न भरले, आलेली रक्कम परत भरली. गृहस्थांना दिलेले आठ हजार बाईंच्याच अंगावर पडत होते, ते मी दिले. त्या घेत नव्हत्या. सौ.नी त्यांच्या पर्समध्ये कोंबले आणि त्या रात्री ओट्याचा विषय पहिल्यांदाच निघाला नाही.

अवघड होते ते वेगळेच. त्या गृहस्थांनी आमच्या दुकानातून तीनशे चाळीस रिटर्न भरली होती. आमच्या एकूण धंद्याचा तो निम्म्याहून अधिक भाग. आणि जुलैचा शेवटचा आठवडा म्हणजे आमच्या धंद्याची दिवाळी. मुंबईचे एक भांडवलदार जुलैचे आकडे पाहून पैसे घालायचे की नाही ते ठरवणार होते.

रात्री अकरा वाजता भाचेबुवा माझ्या गच्चीत बसले होते. "मामा, ३१ तारखेनंतर काढलं त्याला तर? फक्त सात दिवस."

"सात दिवसांत तो आणखी किती बायांच्या सह्या घेईल?"

"पण तुमचेही पाच लाख आहेत त्यात."

वाचकहो, इथे मी ताडकन काही तेजस्वी बोललो असे लिहायला हरकत नव्हती, पण तसे झाले नाही. मी बराच वेळ गप्प बसलो. पाच लाख ही माझ्यासारख्याला गंमत नव्हे. शेवटी मी एवढेच म्हणालो, की कंपनी तुझी आहे, तू ठरव. पण बाई रोज जिन्यात भेटतात ते मला.

पहाटे केव्हा तरी त्यांनी त्या गृहस्थांचे नाव यादीतून काढले. सकाळी आम्ही दोघे फोन घेऊन बसलो. तीनशे चाळीस माणसांना मामाभाच्यांनी चार दिवसांत गाठले. आपल्या रिटर्नमध्ये खोट्या सुटी घातल्या असण्याचा संभव आहे, तपासून पाहा, सुधारून द्यायचे असेल तर फुकट देतो. साठपासष्ट जणांनी सुधारून घेतले. काहींनी फोनच ठेवले. एका सरकारी साहेबांनी मला सांगितले, "रिफंड आलाय तो खात्याने तपासूनच दिला ना? तुम्ही कोण?" आणखी काही सांगितले, ते दिवाळी अंकात छापण्यासारखे नाही. पुष्कळांनी जाता जाता आम्हाला एकेक तारा दिला. मुंबईचे भांडवलदार पुन्हा दिसले नाहीत. सप्टेंबरात दुकानाची जागा सोडली आणि सगळा कारभार बहिणीच्या माडीवर आला.

१४ जुलै २०२५ ला आयकर खात्याने देशभर दीडशे ठिकाणी तपासणी सुरू केली. खोट्या वजावटी दाखवून रिफंड काढून देणारे आणि त्यात टक्केवारी घेणारे, तात्पुरते ई-मेल काढून पुढे ते सोडून देणारे. आधीच्या चार महिन्यांत चाळीस हजार करदात्यांनी आपण होऊन एक हजार पंचेचाळीस कोटींचे खोटे दावे मागे घेतल्याचेही खात्याने जाहीर केले. आमचे ते गृहस्थ त्या दीडशेत होते की नाही कुणास ठाऊक. पण दुसऱ्या दिवशीपासून माडीवरचा फोन वाजू लागला. ते सरकारी साहेबही होते. आवाज ओळखू येत नव्हता, इतका मऊ.

सुधारित रिटर्नची मुदत जानेवारीतच संपलेली. आता 'अद्ययावत' रिटर्न भरायचे, म्हणजे कर, व्याज आणि त्या दोहोंवर वर पंचवीस टक्के. मी साहेबांना आकडा सांगितला. पलीकडे बराच वेळ शांतता होती. भाचेबुवांनी कागदावर लिहून माझ्यापुढे सरकवले, 'फी किती सांगू?' मी पाचशे लिहिले. त्यांनी पाचशे खोडून हजार केले. मी काही बोललो नाही.

दुकान अजून चालू आहे. फी आता ठरलेली असते, रिफंडवर टक्केवारी घेणाऱ्याला यादीत जागा नाही, आणि रिटर्नची प्रत ग्राहकाच्या हाती पडल्याशिवाय पैसे कापले जात नाहीत. माझ्या पाच लाखांपैकी एक लाख दहा हजार परत आले आहेत. ओटा व्हायचा आहे.

बाईंनी २०२५ चे रिटर्न स्वतःच भरले. मी बाजूला खुर्ची टाकून बसलो होतो, पण माऊसला हात लावू दिला नाही. बँकेने ठेवीवर थोडा कर जास्त कापला होता. पंधरा दिवसांनी रिफंड आला, दोनशे ऐंशी रुपये. बाई पाव किलो पेढे घेऊन आल्या आणि दारातच म्हणाल्या, "काका, आधी प्रत पाहून घ्या, मग पेढा."